पुठ्ठा

कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
गुरुवारी रात्री मी गाडीखाली सरकवला.
शुक्रवारी सकाळी त्यावर लाल ठिपका,
बोराएवढा. शनिवारी दोन.
रविवारपासून मी पेनानं तारखा घालू लागलो.
ऑडिटमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या माणसानं
दुसरं काय करावं.

गाडी कुंदाची. मला चालवता येत नाही.
दोन हजार तीनची एस्टीम, एकेकाळी चंदेरी.
कुंदाचा उजवा खांदा तीन वर्षांपूर्वी आखडला,
तेव्हापासून भाजीची पिशवी माझ्याकडे
आणि स्टिअरिंग तरीही तिच्याकडेच.
आता म्हाळगीनगरच्या चौकात वळताना
गाडी कण्हायची,
आणि ती ओठ आत घेऊन
दोन्ही हातांनी चाक ओढायची.
"जड जातंय का?"
"तू सिग्नल बघ."

होमराज मेश्राम आडवा झाला,
अर्धा गाडीखाली, अर्धा उन्हात.
"ताई, चाक पुरं फिरवा. धरा. धरून ठेवा."
मग खालून आवाज:
"सापडलं ना जी! पाइप टोकापाशी गळून राहिला.
सरळ जाता तवा काही नाही,
वळता तवाच थुंकते."

नवा पाइप कंपनीनं बनवणं सोडलंय.
दिल्लीहून मागवला तर एकवीस दिवस, चार हजार दोनशे,
आणि तोही कुणाच्या गोदामात
पंधरा वर्षं वाळलेला.
"त्यापरीस वाडीले जा. जेसीबीचे पाइप बनवतेत तिथं."

पाइप तांदळाच्या थैलीत, थैली स्कूटरवर, पायांमध्ये.
पंचेचाळीस डिग्री. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
हिंगणा टी-पॉइंटला
दोन थेंब माझ्या सँडलवर पडले
आणि तिथून पुढं, कोण जाणे का,
मी खड्डे चुकवत जाऊ लागलो,
कुणाला दवाखान्यात नेत असल्यासारखा.

दुकानात भिंतभर पाइप, मनगटाएवढे जाड.
यंत्रापाशी आयटीआयचा विटका शर्ट घातलेली मुलगी,
पावतीवर तिची सही: वै. बारापात्रे.
तिनं जुनी टोकं कापली, नवं रबर बसवलं,
आणि यंत्राचे आठ जबडे
सावकाश मिटले,
काही द्यायचं नसलं की मूठ मिटते तसे.
"काका, कारचा आहे हा? याच्यावर तर
खाणीतली मशीन वळंल."
सहाशे चाळीस.

"तांब्याचे वायसर आणले?" होमराजनं विचारलं.
नव्हते आणले. कुणी सांगितलंच नव्हतं.
त्यानं जुने दोन उचलले
आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरला.
कुंदा भाकऱ्या टाकत होती.
काही न विचारता तिनं तवा बाजूला घेतला.
चिमट्यातलं तांबं लाल झालं, मग पाण्यात: चुर्र.
"भाजलं का नरम पडते तांबं.
नरम पडलं का बसते जागेवर."
"आणि लोखंड?"
"त्याचं उलटं, ताई. लोखंड असं केलं का अजून कडक."
कुंदानं माझ्याकडे पाहिलं.
मी पावती फाइलला लावत होतो.

मग जॅक. पुढची दोन्ही चाकं अधांतरी.
इंजिन बंद. कुंदा आत,
डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण.
मी डबीतल्या तेलाकडे बघायचं, बुडबुडे सांगायचे.
"आहेत."
"आहेत."
"अजून आहेत."
फेऱ्या ती मोजत नव्हती, मी मोजत होतो.
सोळाव्या फेरीला म्हटलं, "थांब जरा."
ती थांबली नाही.
चोविसाव्या फेरीला तेल निवळलं,
त्यात माझा चष्मा दिसला.

इंजिन सुरू केलं. ती करंगळीनं चाक फिरवत राहिली,
इकडे, तिकडे, पुन्हा इकडे,
मग काच वर केली आणि
आम्हा दोघांना ग्रीसच्या हातांनिशी तिथंच सोडून
मानेवाड्याच्या दिशेनं निघून गेली.
पाऊण तासानं आली. कुठं गेली होतीस, मी विचारलं नाही.
होमराजनं पैसे मोजले आणि म्हणाला,
"वळवून वळवून पाहिली असंल."

सकाळी पुठ्ठा ओढून काढला.
त्यावर इतके जुने डाग
की नवा कुठला, कळेना. तारखाही लाल झालेल्या.
मी तो उलटा केला, कोरी बाजू वर,
आणि परत आत सरकवू लागलो.
पायरीवर चहाचा कप घेऊन कुंदा.
"अजून विश्वास नाही?"
"आहे की," म्हटलं,
आणि कोपऱ्यात तारीख घातली.